नोंदणी नसलेली प्रत

रात्री अकरानंतर एसटीडीचा दर चौथाई,
म्हणून उद्यमनगरात अकरा वाजून पाच मिनिटांनी
मी शटर अर्धं खाली ओढायचो.
टेबलावर व्हर्नियरची पेटी, अर्धा कप गार चहा,
चौगुल्यांचा कॉम्प्युटर, त्याचा प्लॅस्टिकचा झगा काढून ठेवलेला,
आणि पुण्याहून कुणाचा तरी जुना आणलेला मोडेम,
जेवणाच्या डब्याएवढा.

एंगेज. परत एंगेज.
मुलुंडच्या एका पोराच्या घरी एकच फोन,
आणि सगळ्या मुलखाची रांग त्याच्यावर.
बाराच्या सुमाराला एकदाची घंटी गेली.
मग शीळ, मग ती खरखर,
बोथट टूल लावल्यावर लेथवर जॉब किंचाळतो तशी.
मग एकदम गप्प.
गप्प झालं की समजायचं, जुळलं.

मला हवा होता गिअरचे दात काढून देणारा प्रोग्रॅम.
दोनशे बारा केबी. पंधरा मिनिटं,
सगळं सरळ झालं तर.
सरळ कधी होतंय?
चाळीस टक्क्यांवर भिंतीपलीकडं
यासीन शिकलगारांनी भट्टीचा ब्लोअर चालू केला.
ट्यूबलाइट मिणमिणली, पडदा आतल्या आत आवळला, काळा.
अर्धं आलेलं चालत नाही. पहिल्यापासनं.
मंगळवारी चाळीस.
बुधवारी एकसष्ट.
शुक्रवारी अठ्ठ्याण्णववर मी जी शिवी दिली
ती भट्टीच्या आवाजावरनं पलीकडं गेली असणार,
कारण शटरखालून वाकून मिस्त्रीच आत आले.

"काय रं, कुनाला?"
मी सांगितलं. त्यांनी वायर बोटांनी चाचपली.
"ह्यातनं येतंय? वजन किती?"
"वजन न्हाई, मिस्त्री."
"मग भाडं कशाचं भरतोस?"
त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.
जाताना म्हणाले, "उद्या इशारा कर.
ब्लोअर धरतो थोडा वेळ."

शनिवारी फाइल मागायच्या आधीच पडदा थांबला.
एकेक अक्षर उमटायला लागलं, रोमनमधलं मराठी, चुकत, खोडत:
कोल्हापूर? रोज? जेवलास का?
मी लिहिलं, हो. तू?
आई ओरडतेय, झोपत नाही म्हणून.
एवढ्या बोलण्याचे किती पल्स पडले
ते चौगुल्यांच्या बिलात आलं असेल.
त्या पोराचं नाव मी विचारलं नाही.
भिंतीवर दोनदा पाना आपटला.
पलीकडं पोरं कोळशाच्या ढिगावर टेकली,
उद्यमनगरात एका भट्टीएवढी शांतता पसरली,
आणि आकडे चढत गेले.
शंभर.

उघडल्यावर फाइल दुपटीहून मोठी झाली.
मिस्त्री मागं उभे होते. म्हणाले,
"आमचं ओतीव गार झालं की आकसतंय.
तुझं उलटंच की."

मग पहिला पडदा आला. मी वाचून दाखवला.
ही प्रत नोंदलेली नाही.
कामाला आली तर पंधरा डॉलर पाठवा.
खाली ओहायोचा पत्ता, गल्लीच्या नंबरासकट.
"म्हंजी माल आधी? पैसं मागनं?
ते बी आवडला तरच?"
मिस्त्रींनी टोपी काढली, डोकं खाजवलं.
"ह्यो मानूस खातोय काय?"

पैसे गेले नाहीत.
बँकेतल्या हेरवाडकरांनी कसलासा फॉर्म सांगितला,
तो मी आणला, ड्रॉवरमध्ये ठेवला,
त्याच्यावर ग्रीसचे डाग पडले.
पण दात निघाले, नेमके.
त्या दातांवर कागल-मुरगूडकडच्या गुऱ्हाळांचे चरक फिरले,
चौगुल्यांनी दुसरा लेथ घेतला.

फक्त प्रोग्रॅम चालू केला की दर वेळी
तोच पडदा यायचा आणि दहा सेकंद हलायचा नाही.
कुठलंही बटण दाबा, दहा सेकंद.
मिस्त्री तिथं असले तर त्या वेळात बोलायचे नाहीत.
मीही ड्रॉवरकडं बघायचो नाही.
उधारी थकलेल्या दुकानासमोरनं
मान खाली घालून जावं, तसे आम्ही दोघं
एकापासनं दहापर्यंत.